वणीजवळच्या घरी दोनदा

मी नाशिकच्या एका शाळामास्तराचा मुलगा. पोहायला गोदावरीत शिकलो. समुद्र पाहिला तो थेट नौदलात गेल्यावर. सत्तरच्या दशकात एका जहाजाच्या इंजिन विभागात अधिकारी होतो. हाताखाली वणीजवळच्या खेड्यातला एक पोरसवदा नौसैनिक होता. आपल्याकडचा, म्हणून माझा त्याच्यावर जीव. घरून पत्र आलं की सांगायचा, "साहेब, औंदा द्राक्षं लावलीत."

एका दुपारी भर समुद्रात बॉयलर रूमला आग लागली. पाचजण वर आले, तो राहिला. आग तेलाच्या टाकीपर्यंत पोचली असती तर अख्खं जहाज गेलं असतं. मी वरचं लोखंडी झाकण बंद करायला लावलं. ते आवळून झालं आणि आतून ठोके आले. तीन. कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. मीही 'उघडा' म्हणालो नाही.

चौकशीत माझा निर्णय योग्य ठरला. सुट्टीत त्याच्या आईला भेटायला गेलो. तिनं विचारलं, "लय तरास झाला का वो त्याला?"

"नाही मावशी. धुरानं लगेच शुद्ध गेली."

पुढे बढती मिळाली, आणखी दोन जहाजं झाली. पण कुठे पाइप वाजला की मी मोजायला लागायचो. तिसऱ्यानंतर चौथ्या ठोक्याची वाट बघायचो. ऐंशी सालानंतर नौदल सोडलं, नाशिकलाच अंबडच्या एका कारखान्यात लागलो. तिथं दिवसभर हातोडेच. एकदा एका कामगारावर ओरडलो, "उघड, उघड ते!" त्याच्यासमोर बंद असं काहीच नव्हतं.

त्या रविवारी वणीची एसटी धरली. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हंजे जिता व्हता."

"हो."

"आन् तुमाला ठावं व्हतं."

"हो."

हातातली शेंग खाली ठेवून ती म्हणाली, "इतकी वर्सं मला तो निजल्यावानी दिसायचा, साहेब. आता कसा दिसंल?"

मी उठून चपला घालू लागलो तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "आता परत येऊ नका."

गेलो नाही. पुढे तिच्या गावचा एकजण कारखान्यात लागला. सहज विचारलं, तर म्हणाला, "म्हातारी बरी हाय. पण थंडीतसुद्धा दाराला कडी लावू देत नाय कुणाला."