आईचा व्हॉइस मेसेज

आईचा आवाज भर वर्गात वाजला. भिंतीवरच्या डिजिटल बोर्डाच्या स्पीकरमधून.

"मॅडमजी, नमस्ते. मेरे को वो ॲप समजता नहीं. मोबाईल मैं काम पे ले जाती. पोरी को किताब दे दो ना. किताब घर में रहती."

आवाजामागे नळ चालू होता. भांडी वाजत होती. कुत्रा भुंकत होता.

मॅडमनी तो मेसेज पुन्हा लावला. 'पोरी को' आलं आणि वर्गात हशा फुटला. मॅडम स्वतः हसत होत्या. म्हणाल्या, "हम कहाँ पहुँच गए, और लोग अभी किताब माँग रहे हैं."

मी आठवीत होते. देवासच्या एका मोठ्या प्रायव्हेट शाळेत, गरिबांसाठी ठेवलेल्या सीटवर. त्या वर्षी शाळेनं छापील पुस्तकं बंद केली होती. सगळे धडे ॲपवर. बाकीच्यांकडे टॅबलेट होते. आमच्या घरी दोन फोन. एक बाबांकडे, ते फॅक्टरीत ठेकेदाराकडे होते. दुसरा आईकडे, ती दोन घरी झाडू-पोचा, भांडी करायची. शाळेत नंबर बाबांचा दिलेला. म्हणून मॅडमना कळेना, हा मेसेज कुणाच्या आईचा.

तेवढ्यात रेवती ओरडली, "मॅम, ये तो हमारा शेरू है! ये हमारे डॉगी की आवाज़ है!"

मग तिच्या लक्षात आलं. "मतलब ये हमारी बाई है!"

रेवतीचं घर जुनं, मराठी. पणजोबा संस्थानात अधिकारी होते म्हणे. माझी आई त्यांच्याकडेच काम करायची. तिचा चहाचा कप मागच्या अंगणात, नळाजवळच्या कोनाड्यात असायचा. मी आईला बजावून ठेवलं होतं, तिथं माझं नाव काढायचं नाही. मी त्याच वर्गात आहे हे रेवतीला कळता कामा नये.

"किसकी मम्मी है? हाथ उठाओ."

मी हात वर केला नाही.

मी हसले. सगळ्यांपेक्षा थोडं जास्तच हसले. कुणाला शंका येऊ नये म्हणून.

संध्याकाळी आईनं विचारलं, "मॅडम काही बोलल्या का गं?"

मी म्हणाले, "बोलता येत नाही तर पाठवतेस कशाला?"

ती पीठ मळत राहिली.

आठवड्याभरानं तिनं एक गठ्ठा आणला. आठवीची पुस्तकं. रेवतीच्या मोठ्या भावाची, वैनींनी, म्हणजे रेवतीच्या आईनं, रद्दीत काढलेली. गणिताचं पहिलं पान नव्हतं. समासात त्यानं पेन्सिलनं मिशीवाली तोंडं काढली होती. मी त्याच पुस्तकांवर अभ्यास केला. आई कामावर असताना, दुपारी, जमिनीवर पालथी पडून. शाळेत कुणाला सांगितलं नाही. वार्षिक परीक्षेत पहिली आले.

मग शाळेनं व्हिडिओ काढायचं ठरवलं. पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी. गरीब घरची, पहिली आलेली मुलगी त्यांना हवी होती. मॅडमनी माझ्या वेण्या स्वतः नीट केल्या. हातात शाळेचा टॅबलेट दिला. वाक्य पाठ करायला लावलं: "मेरे पास एक भी किताब नहीं है, फिर भी मैं फर्स्ट आई."

पहिल्यांदा म्हणाले. कॅमेरावाला म्हणाला, "बेटा, थोड़ा स्माइल."

दुसऱ्यांदा म्हणाले. हसून. छान आलं, मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पण बाहेरून गाडीचा हॉर्न आला होता, म्हणून पुन्हा घ्यायचं ठरलं.

या दोन वेळा माझी पाठ सोडत नाहीत. तिसऱ्यांदाचं लोक ऐकतात आणि शाबासकी देतात. पण हॉर्न वाजला नसता तर? तर तो व्हिडिओ आजही कुठंतरी चालत असता. माझं तोंड, माझं हसू.

तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं आणि ते वाक्य आलंच नाही. म्हणाले, "मेरे पास किताबें हैं. रद्दी की हैं. मम्मी लाई थी. वो मेसेजवाली मेरी मम्मी है."

कॅमेरा चालू होता. रेवती मागच्या ओळीत उभी होती. मॅडमनी माझ्या हातातून टॅबलेट काढून घेतला. "पागल हो गई है क्या?"

त्यांनी दुसरी मुलगी उभी केली. मी घरी आले. काही दिवसांनी आई म्हणाली, "वैनींचं घर सोडलं." का, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

ते कळलं गेल्या वर्षी. मला शिक्षिकेची नोकरी लागली, सरदारपूरकडच्या एका गावातल्या छोट्या शाळेत. निघायच्या आदल्या दिवशी आईजवळ बसले आणि सांगून टाकलं. "आई, त्या दिवशी वर्गात मीपण हसले होते."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"रेवतीनं त्याच दिवशी घरी सांगितलं. सगळा वर्ग हसला म्हणाली. सगळा म्हणजे सगळाच ना." ती मेथी निवडत होती, हात थांबला नाही. "वैनींनी विचारलं, तुझी मुलगी आहे का गं तिथं? मी म्हटलं, नाही. शेजारणीच्या पोरीसाठी बोलले. पुस्तकं पण शेजारणीच्या पोरीसाठीच मागितली. मग तुझं ते व्हिडिओचं झालं. वैनी म्हणाल्या, खोटं बोलणारी बाई घरात नको."

मी तिला नाकारलं ते लाजेपोटी. तिनं मला नाकारलं ते माझी लाज राखायला. आणि काम गेलं ते तिचं.

मला वाटलं होतं, ती माझ्या पाठीवर हात ठेवेल. नाही ठेवला. म्हणाली, "तू हसलीस ते मला लागलं होतं. अजून लागतं." आणि मेथीच्या काड्या घेऊन उठली.

मी मोबाईलच्या विरोधात नाही. माझ्या वर्गातली पोरं त्यावर व्हिडिओ बघतात, मीच दाखवते. बीज कसं रुजतं ते पानावर दिसत नाही, तिथं दिसतं. पण तास संपला की फोन माझ्याबरोबर जातो. पोरं रिकाम्या हातानं घरी जातात.

या सोमवारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा कागद आला. सगळ्या पालकांकडे फोन आहेत, पुढच्या वर्षी छापील पुस्तकांची गरज नाही. खाली वर्गशिक्षकाची सही. हेडसर म्हणाले, "एक साइन का तो काम है, मॅडम. सबने कर दी." मला अजून पक्कं केलेलं नाही, हेही त्यांनी आठवण म्हणून सांगितलं.

मी वेळ मागून घेतला. दोन दिवस वस्तीत घरोघर फिरले. मग त्या कागदावर लिहिलं: माझ्या वर्गात सतरा मुलांच्या घरी दिवसा फोन नसतो. ही त्यांची नावं. यांना पुस्तकं द्या.

खाली माझं नाव. मधे, बाबांच्या नावाच्या जागी, आईचं नाव लिहिलं, पूर्ण.

उद्या संस्थेच्या ऑफिसात बोलावलंय. जाणार आहे. त्यातलं एक नावही खोडणार नाही.