टोपीखालचं कपाळ

उद्या बाबांची तेरवी, आणि बडा फुहारा चौकातल्या फ्रेमवाल्याला आज पाचपर्यंत फोटो हवा होता. माझ्याकडे होता फक्त फॅक्टरीच्या पासवरचा काळा-पांढरा, नखाएवढा चेहरा. मोबाइल समोर धरला की बाबा तोंड फिरवत. म्हणून मी टॅबवर त्यांना रंगवायला बसले. लोकांची पोर्ट्रेट करणं हा माझा धंदाच. आपल्या बापाचं काय अवघड, असा माझा तोरा होता.

तीन वाजता आईला दाखवलं. तिने निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे कोण?"

"आई, बाबा आहेत!" मी चिडलेच.

"मग काहून एवढे गोरे केले? साहेब होते का ते?"

खरंच होतं. आमच्या घमापुर मोहल्ल्यातलं प्रत्येक गिऱ्हाईक "दीदी, थोड़ा गोरा कर दो" म्हणतं, आणि माझा हात आपोआप तिकडेच वळतो. स्वतःच्या बापालाही मी तोच रंग फासला होता. मला लाज वाटली.

घाईघाईत मी गालांवर, डोळ्यांखाली काळ्या रंगाने सावली भरली. ही तर शिकाऊ पोरीची चूक. कातडीवरची सावली नुसती काळी कधीच नसते. आईने पाहिलं आणि मान फिरवली.

"दवाखान्यातले, शेवटच्या दिवशीचे दिसून राहिले. हा नाही लावायचा. भिंत रिकामी राहिली तरी चालेल."

सव्वाचार झाले होते. काळं पुसून मी विटकरी रंग घेतला, गालांवर थर चढवला, नाकाच्या कडेला किंचित जांभळा. चेहऱ्यात जीव आला, पण ते बाबा काही होईनात. मला रडू येत होतं, आणि आईचा रागही.

"इथं पाहा ना," म्हणत आईने बोट थेट स्क्रीनवर टेकवलं आणि कपाळावरून आडवं ओढलं. ब्रश चालूच होता. भुवयांच्या वर विटकरी रेघ उमटली. ती पुसायला मी हात नेला आणि थांबले.

टोपी! वर्षानुवर्षं टोपी घालून भर उन्हात सायकलने फॅक्टरीत जाणारा माणूस. टोपीखालचं कपाळ उजळ आणि त्याच्या खाली सगळा चेहरा रापलेला. मी रेघेच्या वर रंग हलका केला, खाली दाट.

आई पदर तोंडाशी धरून बघत होती.

"आले का?" ती म्हणाली.

संध्याकाळी सायकल लावून बाबा दारात टोपी काढत, तेव्हा ती रोज एवढंच विचारायची.