झेंडा आत, दांडा बाहेर

चनबसप्पा तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात राबले आणि निवृत्त झाल्यावर नवी पेठेतल्या व्याख्यानमालेच्या दारात, चपलांच्या स्टँडवर हौसेनं बसू लागले. चप्पल घ्यायची, पत्र्याचा बिल्ला द्यायचा. व्याख्यान दारातूनच कानावर पडायचं. आजवर एकाही वक्त्याचं त्यांना पटलं नव्हतं. "लई बोलतात. बोलू द्या की," एवढाच त्यांचा अभिप्राय.

यंदा चंद्रिका बिराजदार या प्राध्यापक बाई शहराच्या इतिहासावर बोलणार होत्या. लगेच एक इतिहासरक्षक दल उगवलं. त्यातल्या निम्म्यांची दहावी इतिहासातच अडकली होती, पण 'बाई बोलल्या तर डोकी फोडू' हा निरोप मात्र शुद्ध भाषेत आला. या धमकीपायी व्याख्यान दोनदा रद्द झालं होतं. तिसऱ्यांदाही रद्द झालं, तर व्याख्यानमालाच गुंडाळायची असं ठरलेलं. विश्वस्त मोठे शूर, तिसऱ्या तारखेला तिघांनाही एकदम ताप आला.

चनबसप्पांना आला नाही. त्यांनी ठाण्यात धमकीची तक्रार दिली, एक हवालदार मागून आणला आणि स्टँडवर बसले. टेबल ओढून निम्मं दार अडवलं.

दल आलं. पंधरा जण, हातात झेंडे, झेंड्यांना मनगटाएवढे दांडे.

"झेंडा आत न्या. दांडा हितं," चनबसप्पा बिल्ले काढत म्हणाले.

"दांड्याशिवाय झेंडा धरायचा कसा?" पुढारी शिवानंदनं विचारलं.

"खांद्यावर टाका. बाईंना काय इचारायचं ते पोटभर इचारा. पण दांडा आत जाणार न्हाय."

एकानं दांडा टेबलावर हाणला. हवालदारानं त्याला कॉलर धरून बाहेरच्या पोलीस जीपमध्ये बसवलं. मग बाकीच्यांत बरीच चर्चा झाली, बहुधा दलाच्या इतिहासातली पहिलीच. शिवानंद आणि आणखी तिघे दांडे जमा करून आत गेले. उरलेले वडापाव खायला गेले.

बाई बोलल्या. प्रश्नांच्या वेळी शिवानंद उभा राहिला. दोन वाक्यं झाली नाहीत तोच त्या सभ्य, शिकलेल्या सभागृहाला कंठ फुटला. बस खाली, गुंड आहे, हाकला त्याला.

चनबसप्पा पहिल्यांदाच दार सोडून आत आले. शिवानंदचं बोलणं त्यांना ठार मूर्खपणाचं वाटत होतं, आणि या लोकांचा राग त्याहून जास्त येत होता.

"गप बसा," ते म्हणाले. "दांडा ठेवून आलाय त्यो. आता त्याचं ऐकायची पाळी आपली हाय."