डिंकाचं फूल

हमरापूरचे काळुरामदादा एसटीची पाटी वाचूनही कंडक्टरला विचारत, आणि कंडक्टरने सांगितलं की ड्रायव्हरला. मी त्यांच्या कारखान्यात गणपती रंगवायला होतो, त्यामुळे हे सगळं जवळून सोसलंय.

शहाण्णव सालच्या माघात त्यांच्या मुलीला, नम्रताला रोह्याचं स्थळ आलं. मुलगा जितेश, कंपनीत शिफ्टला. बघायला येताना त्याने कुंडीतला निवडुंग आणला. मुठीएवढा गोळा, कापसासारखी पांढरी लव, पिवळे काटे आणि डोक्यावर लालभडक फूल.

"लांबच्या बेटावरचं झाड हाय, नर्सरीवाला बोलला," जितेश कौतुकाने म्हणाला.

दादांनी कुंडी उजेडाकडे फिरवली. मूर्तींच्या मुकुटांवर खडे चिकटवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना डिंक ओळखायला कितीसा वेळ लागणार! त्यांनी फूल उपटून सगळ्यांसमोर ठेवलं. वाळकं, रंगवलेलं, बुडाशी डिंकाचा थेंब.

फसवलं नर्सरीवाल्याने, त्यात पोराचा काय दोष? पण दादा म्हणाले, "याला खरं फूल येऊदे, मग बघू." मला त्यांचा मनापासून राग आला. नम्रताला मुलगा आवडला होता, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

कुणी लबाडी करू नये म्हणून कुंडी दादांच्या बसायच्या जागेजवळ आली. नम्रता आठवड्यातून एकदा पाणी घाली, तेही त्यांच्या देखत. वर्ष गेलं. झाड वाढेना, सुकेना. ते जिवंत तरी आहे का, असाही दादांना संशय येऊ लागला.

पुढच्या चैत्रात जितेश एकटाच आला. "या वैशाखात नाय ठरलं तर घरचे दुसरीकडं बघतील," एवढंच बोलला. कुंडीजवळ बसून चहा प्यायला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवेतून एक फिकट पिवळं फूल वर आलेलं.

"बघ, काल चिकटवून गेला," दादा मला म्हणाले. मी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी ते उपटलं.

देठ ओला होता. डिंकाचा मागमूसही नव्हता. दादांनी देठ पुन्हा उजेडात धरून बघितला. एवढ्यात आतून नम्रताची चाहूल लागली. त्यांनी घाईघाईने वाटीतला डिंक बोटावर घेतला आणि फूल परत जागेवर बसवलं. काटे बोचले तरी हात मागे घेतला नाही.

नम्रता चहा घेऊन आली. कुंडीकडे बघून तिचा चेहरा खुलला. मग ती जवळून बघायला वाकली आणि तशीच थांबली. तीही याच कारखान्यात वाढलेली.

"बाबा, डिंक ओला हाय."

"व्हय. पण फूल खरं व्हतं गो. मीच तोडलं." दादांनी डिंकाचं बोट पुसलं. "रोह्याला निरोप धाड."

तिने बापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली. "काका, खरं व्हतं?"

दादा मान खाली घालून माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी व्हय म्हणालो तेव्हा तिला रडू आलं, आणि दुपारच्या गाडीने मीच रोह्याला निघालो.