वाळ्याच्या ताटीवरची नीळ

माझ्या पहिल्या चित्रप्रदर्शनाला आलेले बहुतेक लोक तिथंच झोपले. काही घोरलेही. हे मी आजवर कित्येक बैठकांत रंगवून सांगितलं आहे, आणि दरवेळी ऐकणाऱ्यांना वाटतं की मी स्वतःच्याच चित्रांची टर उडवतो आहे. पण ज्या चित्राखाली माणूस निर्धास्त झोपू शकतो त्यात काहीतरी असतंच, असं आता केस पिकायला लागल्यावर माझं ठाम मत झालं आहे.

तेव्हा मात्र मी बावीस वर्षांचा होतो आणि नुकताच अमूर्त झालो होतो. त्याआधी मी बैल, नदी, पाणी भरणाऱ्या बायका असं काढत असे आणि नातेवाईक खूश असत. मग एका हिवाळ्यात मला अचानक सगळीकडे नुसते आकारच दिसायला लागले. सुपाची वीण, अडकित्त्याची चोच, सुराहीच्या मानेचा बाक. आई धान्य पाखडत असली की मी तिच्यासमोर बसून सुपाकडे बघत राही. तिला वाटे, पोराला भूक लागली. कोणीतरी हे सगळं कधीतरी पहिल्यांदा केलं असेल, मान इथं वळवायची, चोच इथं वाकवायची असं ठरवलं असेल, आणि मग तो माणूस विसरला जाऊन वस्तू तेवढी घरोघर उरली असेल, या विचारानं मला दिवसाढवळ्या गुंगी येई. त्या गुंगीत मी आठ चित्रं रंगवली. बाबांनी ती भिंतीला ओळीनं टेकवून पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि विचारलं, "यातली वरची बाजू कोणती?"

मला बडोद्याला जाऊन चित्रकला शिकायची होती. बाबांनी माझ्यासाठी हिंगण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची जागा बोलून ठेवली होती. बाबा कोर्टात पेशकार. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून त्यांनी आयुष्यभर लोकांना तारखा दिलेल्या. त्यामुळे घरात भांडण असं कधी होत नसे, सुनावणी होई. माझ्या प्रकरणात त्यांनी असा तोडगा काढला:

"तू प्रदर्शन भरव. एक तरी अनोळखी इसम तुझ्या एखाद्या चित्रासमोर, पान तोंडात टाकल्यापासून संपेपर्यंत उभा राह्यला पाहिजे. नातेवाईक चालणार नाही. मित्र चालणार नाही. राह्यला तर बडोदा, नाही तर हिंगणा."

"पान कोणाचं?" मी विचारलं.

"माझं," बाबा म्हणाले.

हा घाव होता. बाबांचं पान म्हणजे सावकाश प्रकरण. वीस मिनिटं कुठंच गेली नाहीत.

सीताबर्डीजवळच्या एका वाचनालयाचा वरचा हॉल मला फुकट मिळाला, कारण महिना मे होता आणि मे महिन्यात नागपुरात तो हॉल कोणी लग्नाच्या पंगतीलाही मागत नसे. चार दिवस, दुपारी बारा ते सहा. पश्चिमेला एक भली मोठी खिडकी होती आणि तिच्यातून ऊन असं आत येई की चित्रं पांढरी दिसत. ती झाकायला मी वाळ्याची ताटी बांधून घेतली.

आता खिडक्याखिडक्यांत कूलर घरघरतात, म्हणून नव्या पोरांसाठी सांगतो. बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या दाबून बसवायच्या, ती ताटी दाराला किंवा खिडकीला लावायची आणि दर अर्ध्या तासानं तिच्यावर पाणी मारायचं. बाहेरची झळ तिच्यातून आत येताना गार होते, आणि असा वास येतो की माणसाला आपल्या सगळ्या चुका माफ झाल्यासारखं वाटतं.

पण माझी ताटी साधी नव्हती. मी तिच्यावर गेरू, चुना आणि आईची कपड्यांची नीळ यांनी रंगवलं होतं. सगळीकडे गेरूचा थर, मध्ये चुन्याचे तिरपे फटकारे, आणि सगळ्यात वर डाव्या कोपऱ्यात निळीचा एक गोळा, जणू चुकून आलेलं पाणी. यादीत मी लिहिलं: क्रमांक नऊ, 'ग्रीष्म'. अर्थात ती कोरडी ठेवली होती. कलाकृतीवर कोणी पाणी मारतं का?

पहिल्या दिवशी नातेवाईक आले आणि घाम पुसत गेले. बाबा कोर्टाच्या सुट्टीत होते. दाराजवळ स्टुलावर पानाचा डबा मांडीवर घेऊन ते रोज सहा तास बसत. कोणी अनोळखी जिना चढून आला की पान लावत. दुसऱ्या दिवशी मी थोडी लबाडी केली, ती इथं कबूल करतो. मित्राच्या मामाला बाबांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याला मी पढवून आणलं. तो आला, क्रमांक चारसमोर हात मागे बांधून उभा राहिला, मान डोलवू लागला. अर्धं पान झालं. मला बडोद्याच्या गाडीची शिट्टी ऐकू यायला लागली. तेवढ्यात बाबांनी स्टुलावरूनच विचारलं, "कसं वाटलं चित्र?"

"छान," मामा म्हणाला. "लहानपणापासूनच हात चांगला आहे पोराचा."

बाबांनी उरलेलं पान शांतपणे चघळलं. "साक्षीदार बाद," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कोणीही आलं नाही. एक कावळा खिडकीच्या फटीतून डोकावला, तो नातेवाईक नव्हता, पण थांबलाही नाही.

चौथ्या, शेवटच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास कामठीहून माझी आत्या आली. बाबांची मोठी बहीण, बसनं आली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, चेहरा तापलेल्या तव्यासारखा. मी तिच्यासाठी खालून पाण्यानं भरलेली बादली आणि तांब्या आणला, आणि पेला आणायला परत खाली गेलो. वर आलो तेव्हा आत्या ताटीसमोर उभी होती.

"काय गा," ती बाबांना म्हणत होती, "लेकरू भट्टीत बसवून राहिला अन् ताटी कोरडी? पाणी माराले हात दुखते का तुहे?"

"बाई, ते चित्र आहे," बाबा म्हणाले.

"चित्र भिंतीवर असते. खिडकीत ताटी असते."

आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असताना, माझ्या डोळ्यांदेखत, तिनं भरलेला तांब्या उजव्या हातानं अर्धगोल फिरवून ताटीवर मारला. मग दुसरा. मग तिसरा. चाळीस उन्हाळ्यांचा सराव होता तो, एक थेंब वाया गेला नाही. पेला माझ्या हातातच राहिला. चुना तर पहिल्याच तांब्याला वाहून गेला. गेरू गळून जमिनीवर तांबडं तळं झालं. मी भिंतीला टेकून खाली बसलो. मला रडू येत होतं, आणि आत्याला वाटलं मला ऊन लागलं. तिनं माझ्याही डोक्यावर पाणी मारलं.

आणि मग वारा आला.

त्या दुपारचं ते पुढचं सगळं मला अजूनही पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. बाहेरची धगधगती झळ ताटीतून आत येता येता हिरवीगार झाली. हॉलभर मुळ्यांचा, ओल्या मातीचा, जुन्या कपाटात ठेवलेल्या अत्तराच्या फायाचा वास पसरला आणि जिन्यावरून खाली उतरला. खाली वाचनालयात पेन्शनर मंडळी वर्तमानपत्रांनी वारा घेत बसलेली असत. एक एक करून ती वर आली. कोणी काही विचारलं नाही. त्यांनी चपला काढल्या, कोरडी फरशी शोधली आणि आडवी झाली. मागून डांगरं, म्हणजे आमच्याकडची खरबुजं, विकणारी एक बाई आली, टोपली उशाशी घेऊन ती क्रमांक सहाखाली निजली. दोन वकिलांचे कारकून आले आणि बाबांना ओळखून लाजले, तरी झोपले. माझ्या लाल चौकोनाखाली एक टक्कल, माझ्या काळ्या वर्तुळाखाली दोन पाय. उन्हाचे बारीक दाणे ताटीतून गळून त्या सगळ्यांच्या अंगावर हलत होते. कोणाच्या श्वासाबरोबर कोणता रंग वर जातो आणि खाली येतो हेच मला कळेना. आपण रंगवलेल्या एखाद्या आकाराच्या आत हे सगळे लोक राहायला आले आहेत, असं वाटत होतं.

आत्याही झोपली. जागे आम्ही दोघंच. बाबा हळूच म्हणाले, "उभं कोणीच नाही."

ते खरं होतं.

मग जिन्यावर पावलं वाजली आणि एक उंच, वाळलेला माणूस आला. सक्करदऱ्याकडचा विणकर होता, खांद्यावर लुगड्यांचा गठ्ठा, दुकानात पोचवायला निघालेला. तो आत आला आणि ताटीसमोर थांबला. बाबांनी पान लावलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. माणूस खांब झाल्यासारखा उभा. बाबांचा जबडा संथपणे हलत होता, आणि मला पहिल्यांदा कळलं की एखाद्याच्या पानावर आपला जीव टांगलेला असणं म्हणजे काय. शेवटी बाबांनी घोट गिळला, डबा बंद केला आणि उठून त्याच्यापाशी गेले. सगळे झोपलेले, म्हणून उलटतपासणी कुजबुजत झाली.

"बसले काहून नाही?"

"खाली ओलं आहे ना बापू. गठ्ठा भिजला असता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले.

"म्हणजे हवा खाऊन राहिले होते."

"हो ना. मस्त हवा आहे."

"मग थंड झाल्यावर गेले काहून नाही? दुकान बंद होईल तुमचं."

विणकर जरा ओशाळला. त्यानं गठ्ठा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि बोट दाखवलं. "थे निळं पाहून राहिलो होतो. वरून निघालं थे. एका मुळीवरून दुसरीवर जाऊन राहिलं. मले वाटलं, आता इथं थांबते, तर थांबेच ना. कुठवरी येते, पाहून जावं म्हटलं."

आम्ही तिघांनी वर पाहिलं. कोपऱ्यातल्या माझ्या निळीच्या गोळ्यातून एक धागा सुटला होता. इतका बारीक की लक्ष दिल्याशिवाय दिसत नव्हता. तो वाळ्याच्या मुळीवरून घसरे, अडे, जाड होई, फुटून दोन होई, आणि खालच्या मुळीवर उतरे. गेरू धुतल्यानंतर उरलेल्या फिकट तांबूसपणावर ती निळी वाट अशी उतरत होती की मी जन्मात तसं काढू शकलो नसतो. बाबाही पाहत राहिले. किती वेळ ते माहीत नाही, पान कोणाच्याच तोंडात नव्हतं. नीळ खालच्या बांबूला टेकली तेव्हा विणकर म्हणाला, "हं, पोचली," आणि गठ्ठा सावरून जिना उतरला.

"बाबा," मी म्हणालो. "क्रमांक नऊ. यादीत आहे. अनोळखी इसम. पूर्ण पान."

बाबा स्टुलावर बसले. निकालपत्राची भाषा त्यांनी घरच्यांशी कधी वापरली नव्हती, ती त्या दिवशी वापरली. "इसम अनोळखी होता, हे सिद्ध झालं. तो पूर्ण वेळ उभा होता, हेही सिद्ध झालं. पण ज्या चित्रासमोर तो उभा राहिला, ते तू काढलेलं चित्र नव्हे. तू काढलेलं चित्र दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वाहून गेलं. हे चित्र पाणी मारणाराचं आहे." मग आवाज खाली आणून, झोपलेल्या बहिणीकडे बघत ते म्हणाले, "कायद्यानं पाहिलं तर बडोद्याले आत्याले पाठवा लागते."

आत्यानं डोळे न उघडताच विचारलं, "तिकडं भाकर भेटते का?"

मला हसू आलं, आणि त्यातच दिसलं की बाबा बरोबर आहेत. वाईट याचंच वाटलं. मी आठ चित्रांत वस्तूंची गुंगी रंगवली होती, पण वस्तूला तिचं काम करू दिलं नव्हतं. ताटीला पाणी न देणारा माणूस सुपाचं चित्र काढतो तेव्हा तो खरं म्हणजे काय पाहतो? बावीस वर्षांच्या माणसाला हे कळलं की घाम फुटतो, वाळ्याचा वारा असला तरी.

पण मी पेशकाराचा मुलगा होतो. मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "तारीख द्या."

बाबांनी आयुष्यात कोणाला तारीख नाकारली नव्हती. "पुढचा मे," ते म्हणाले. "तोवर हिंगणा."

उगाच तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून सांगून टाकतो: वर्षभर मी कंपनीच्या बसनं हिंगण्याला गेलो, पुढच्या मे महिन्यात सात ताट्या मांडल्या, आणि निकाल माझ्या बाजूनं लागला. बडोद्याला गेलो. पण ते वर्ष खरं सुरू झालं ते त्याच दुपारी, सहा वाजायला अजून अवकाश असताना. लोक झोपलेलेच होते. ताटी वाळायला लागली होती आणि वारा पुन्हा गरम होत होता. डांगरवालीनं झोपेतच कूस बदलली. मी ताटीजवळ गेलो, डाव्या कोपऱ्यात उरलेल्या गोळ्यातली थोडी नीळ बोटावर घेतली आणि उजव्या कोपऱ्यातल्या एका मुळीला लावली. मग तांब्या भरला आणि कुठून मारावा याचा विचार करत उभा राहिलो. आत्यानं एक डोळा उघडला.

"मनगटानं मार," ती म्हणाली. "खांद्यानं नको."