चाखले नाही

दौलतराव गेल्याची बातमी मला भाजीबाजारात कळली. हातात पिशवी, पिशवीत वांगी, आणि आमच्या क्लबातला जुना माळी सायकलवरून उतरून सांगत होता, "बाबूजी, अब्दार गेले. काल सकाळी. कामठीलेच झालं सारं. तुमाले निरोप नाही भेटला का?" मी खुळ्यासारखं विचारलं, "कोणते अब्दार?" जसे काही नागपुरात दहा-बारा अब्दार होते! माळ्याने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली आणि तो तसाच उभा राहिला. त्या गोष्टीला आता दीड महिना झाला.

अब्दार म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावं लागेल. इंग्रजांच्या काळापासून क्लबात आणि लष्कराच्या मेसमध्ये पेयांच्या कोठीची चावी ज्याच्या कमरेला असते, तो अब्दार. पाणी, बर्फ, सोडा, सरबत, दारू, सगळं त्याच्या ताब्यात. दौलतराव कामठीच्या छावणीत मेसमध्ये ग्लास धुण्याच्या कामावर होते, तिथून आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या क्लबात आले आणि बघता बघता अब्दार झाले. मी उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा. वडिलांच्या हातमागावर बसायचं नव्हतं म्हणून टायपिंग शिकलो आणि साठच्या दशकात त्याच क्लबात कारकून म्हणून चिकटलो. माझं टेबल कोठीच्या दाराला लागून होतं. कोठीच्या खिडकीवर वाळ्याच्या ताट्या होत्या, त्यांच्यावर दौलतराव दुपारभर पाणी मारायचे. त्या गारव्याच्या लोभाने मी हिशेबाच्या वह्या घेऊन आत जाऊन बसायचो. मैत्री म्हणाल तर अशी गरजेतून झाली.

हा माणूस शहरातली सर्वांत चांगली शॅम्पेन निवडायचा आणि त्याने आयुष्यात तिचा एक थेंब जिभेवर ठेवला नव्हता. छप्पन साली नागपुरात लाखो लोकांसोबत त्यांनीही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पंचशीलातलं पाचवं शील नशा न करण्याचं. दौलतरावांनी ते घेतलं म्हणजे घेतलं. वस्तीतले लोक त्यांना चिडवायचे, "पंचशील घेतलं अन् दारूच्या चाव्या घेऊन फिरून राहिला!" एकदा विहारात भंतेजींनीही हटकलं. दौलतरावांनी वाद घातला नाही. "बराबर आहे भंतेजी," म्हणाले, "पण दोन पोरी शाळेत आहेत, अन् मले दुसरं काम येत नाही." ही टोचणी त्यांना शेवटपर्यंत होती. ती ते लपवत नसत आणि मिरवतही नसत.

मग चव न घेता निवडायची कशी? मी पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "बाटलीले पहिले हे विचारावं का बाई, तू मे महिना कुठं काढला. नागपूरच्या मे महिन्यात माणूस कसातरी टिकते गा, शॅम्पेन नाही टिकत." त्या काळी परदेशी बाटली येणार ती कस्टमच्या लिलावातून, नाहीतर मुंबईच्या एजंटाकडून, आणि रस्त्यात कुठे किती दिवस उन्हात तापली हे सांगणारं कोणी नसे. दौलतराव बाटली उजेडाकडे धरून मानेतली पातळी बघत. ती उतरलेली असेल तर बूच सुकलं, हवा शिरली. मानेवरच्या सोनेरी पत्र्यावरून अंगठा फिरवत. चिकट लागला तर गळती. उभ्या ठेवलेल्या बाटलीला ते हात लावत नसत, कारण आडवी असली तरच बूच ओलं राहतं. बाटली उघडताना फटाक्यासारखा आवाज काढणाऱ्या मेंबरांचा त्यांना मनापासून राग येई. "अर्धी किंमत तर आवाजातच उडवली!" ते स्वतः बूच घट्ट धरून बाटली फिरवत आणि नुसता एक उसासा ऐकू येई. मग बुचाचं बूड बघायचं. फुललेलं असेल तर माल ताजा, खुंटीसारखं सरळ झालं असेल तर म्हातारा. ग्लासाला कधी साबण लावू दिला नाही, साबणाने बुडबुडे मरतात. बर्फाच्या बादलीत अर्धं पाणी आणि मूठभर मीठ टाकायचं, अर्ध्या तासात बाटली गार. ग्लासात ओतल्यावर तळातून बारीक बुडबुड्यांचा दोरा एकसारखा वर येत राहिला की खरा माल, आणि सोड्यासारखे ढोबळ बुडबुडे आले की वरून गॅस भरलेला. शेवटी ते ग्लास कानाशी नेत, नाकाशी नेत. भाजलेल्या पावाचा वास आला की चेहरा खुलायचा. ओल्या पोत्याचा आला की बाटली बाजूला.

किमतीबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. म्हणायचे, "एक पैसा नावाचा असते, एक मालाचा. मेंबर नावाचा देतात अन् मालाची वाट पाहतात." फ्रान्सातल्या मोठ्या नावाच्या घराशेजारी लहान नावाचं घर असतं, द्राक्षं त्याच डोंगरावरची. स्पेनमध्ये तीच रीत वापरून निम्म्या किमतीत करतात, तिला फक्त शॅम्पेन म्हणायचं नाही. हे सगळं त्यांना मेसमधल्या एका म्हाताऱ्या साहेबाने शिकवलं होतं. एवढ्या ज्ञानाचा ह्या माणसाला स्वतःला काय उपयोग, असा प्रश्न मला पडे, पण त्यांना पडलेला दिसत नसे.

सत्तरच्या दशकात क्लबाला नवे सेक्रेटरी आले. निवृत्त कर्नल. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर हवं असे. क्लबाच्या वाढदिवसाला शॅम्पेनची एक पेटी घ्यायची ठरली. एजंट तीन नमुने घेऊन आला. कर्नलसाहेबांनी तिन्ही चाखले आणि सर्वांत महाग बाटली त्यांना आवडली. मग नव्या नियमाप्रमाणे त्यांनी मला एक ओळ टाइप करायला लावली, "मी माल चाखून पाहिला, उत्तम आहे," आणि खाली अब्दाराची सही. दौलतरावांनी सही केली नाही. एक तर मी चाखली नाही, म्हणाले, आणि दुसरं म्हणजे नमुना पिऊन पेटी कळत नसते. पेटी पाहू द्या. एजंटाने कुरकुरत पेटी मागवली. बाटल्या उभ्या होत्या आणि तिघी-चौघींच्या मानेला पत्रा चिकट होता. "साहेब, नमुना चांगला आहे. पण ह्या पेटीनं उन्हाळा टिनाच्या छपराखाली काढला," दौलतराव म्हणाले. कर्नलसाहेबांचा चेहरा लाल झाला. जो पीत नाही तो मला शिकवणार? त्यांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. सही करा, नाहीतर चाव्या ठेवा.

त्या दुपारी कोठीत मी त्यांच्या मागे लागलो. खरं सांगतो, मला त्यांची दया येत होती आणि थोडा रागही. "करून टाका ना सही! चार अक्षरं तर आहेत. कोण पाहून राहिलं?"

दौलतराव ताटीवर पाणी मारत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "मी पाहून राहिलो ना गा."

संध्याकाळी त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या. त्यांना टेनिस कोर्टावर टॉवेल वाटायच्या कामाला लावलं. पगार कमी झाला. धाकटीची फी थकली, मोठीने संध्याकाळची एक शिकवणी धरली, हे मला नंतर कळलं. त्या महिन्यांत मी कोर्टाच्या बाजूने जाणं टाळत असे. त्यांना बघितलं की मला माझीच लाज वाटे... कारण त्यांनी सही न केलेली ती ओळ मीच टाइप केलेली होती आणि माझ्या नोकरीला कुठे धक्का लागला नव्हता.

वाढदिवसाला कर्नलसाहेबांनी स्वतः बाटल्या उघडल्या. पहिली ठीक निघाली. दुसरी उघडताना हूं की चूं नाही. तिसरीचं बूच अर्ध्यात मोडलं. चौथी चहाच्या रंगाची. मेंबर सभ्य लोक, ग्लास तोंडाला लावून हळूच कुंड्यांमध्ये रिकामे करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलसाहेबांनी दौलतरावांना बोलावलं, चाव्या पुढे सरकवल्या आणि म्हणाले, "रजिस्टरमें क्या लिखना है, आपही तय कीजिये." मी वर म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. दौलतरावांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि आपल्या वाटोळ्या अक्षरात लिहिलं: पाहिले, हुंगले, ऐकले. चाखले नाही. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पेटीखाली तीच ओळ आणि खाली सही.

नंतर बाहेरचे लोकही त्यांना विचारू लागले. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी मुलीच्या साखरपुड्यासाठी दौलतरावांना बोलावलं. जावई अमेरिकेतला. मेव्हण्याने परदेशातून आणलेली शॅम्पेन डॉक्टरांनी अकरा वर्षं दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये, बाहुल्या आणि ताजमहालाच्या मधोमध, वर दिवा लावून उभी ठेवली होती. आपल्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, दाखवायची असते! सगळं घर कौतुकाने उभं. दौलतरावांनी बाटली हातात घेतली, उजेडाला धरली आणि अदबीने परत जागेवर ठेवली. "साहेब, हिचं बूच नका काढू. हे पाहाले लय चांगली आहे." मग त्यांनी आपल्याच महाराष्ट्रात नुकतीच निघालेली, फ्रेंच रीतीने केलेली फसफसणारी वाइन सुचवली. परदेशीच्या पाव किमतीत. डॉक्टरांचा चेहरा पडला होता, पण साखरपुड्यानंतर जावयाने त्या बाटलीचं नाव वहीत उतरवून घेतलं म्हणे.

दौलतराव निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांचं हृदय कुरकुरू लागलं. त्यांची माझी शेवटची भेट कामठीला त्यांच्या घरी झाली. स्वच्छ चुन्याची खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खिडकीजवळ खाट. बोलताना धाप लागत होती. इकडचं तिकडचं झालं आणि सुमनबाई, त्यांच्या पत्नी, आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"विनायक, एक विचारू का? हसशील नाही ना?"

"विचारा ना."

"ते शॅम्पेन... कशी लागते गा?"

मी उगाच खाटेवरची चादर सारखी केली.

"तीस वर्सं लोकायच्या तोंडाकडे पाह्यलं. पहिला घोट घेतला का तोंडावर काहीतरी होते. पण सांगता कोणालेच येत नाही. तू तर कोठीत उरलेली चाखत जाय. मले ठाऊक आहे."

मला वाटत होतं की त्यांना ठाऊक नाही. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की एक मरणाच्या दारातला माणूस विचारतो आहे आणि त्याला हळहळ वाटता कामा नये. मी म्हणालो, "काही खास नाही हो. आंबट सोडा. नाव मोठं, दुसरं काय!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं," आणि आत हाक मारली, "सुमन, विनायकसाठी चहा टाक वं."

मी खोटं बोललो होतो. चाव्या परत मिळाल्यावर त्यांनी निवडलेल्या पहिल्या पेटीतला अर्धा ग्लास मी कोठीत चोरून प्यालो होतो, तो मला आजही आठवतो. गार, आधी आंबट, मग कुठून तरी भाजलेल्या पावाची गोडी, आणि गिळून झाल्यावर कारण नसताना हसू येतं. उमरेडच्या कोष्ट्याच्या पोराने तोवर तसं काही तोंडात घेतलं नव्हतं. ज्या माणसाने चार खोट्या अक्षरांपायी टॉवेल वाटले, त्याला मी अखेरच्या भेटीत खोटं सांगून आलो. ती माया होती की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता येत नाही.

बातमी कळल्यावर आठवड्याने कामठीला गेलो. खाट तशीच होती, खिडकीजवळ, वर धुतलेली चादर. सुमनबाई म्हणाल्या, "तुमी गेल्यावर ते हसून राह्यले होते. म्हणे, विनायक चांगला माणूस आहे, मले वाईट नाही वाटू देत." त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी त्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून म्हणालो, "छान लागते, दौलतराव. लय छान लागते." मागे वळलो तर सुमनबाई दारातच उभ्या. मला वाटलं, आता ह्या रडतील, नाहीतर रागावतील. सगळी हकिगत सांगावी लागली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"मंग बराबर आहे," त्या म्हणाल्या. "वाईट लागत असती, तर सोडून काय मोठं केलं असतं त्यायनं?"

आणि त्या चहा आणायला आत गेल्या.