औंदा पुरुमेंत नाय!

परत आलेल्या पुस्तकांतून काय काय निघतं! बसची तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, एकदा तर चक्क सुकलेली अबोलीची वेणी. कुणी मुद्दाम ठेवलेलं नसतं, राहून गेलेलं असतं. आमच्या शनिवारच्या वाचनाला येणाऱ्या बायकांचे किस्सेही असेच माझ्याकडे राहून गेलेत. गोव्यातल्या धारगळच्या एका लहानशा वाचनालयात मी काम करते. येत्या मंगळवारी आमची शेवंतीकाकी हॉस्पिटलात भरती होणार आहे. छातीत गाठ आहे. गाठीबरोबर डावा स्तनही काढावा लागणार. मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

* * *

काकीची आणि माझी ओळख झाली तीच मुळी मी किंचाळल्यामुळे. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. मी कपाटात डोकं घालून पुस्तकं लावत होते. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मी ओरडले, हातातली सगळी पुस्तकं खाली!

मागे सत्तरीच्या घरातली एक बारीकशी बाई उभी. काखेत चिंचेची पिशवी. तिनं एकेक पुस्तक उचललं, पदरानं पुसलं आणि विचारलं, ‘‘बाये, चावतत काय गो ही?’’

* * *

शनिवारी दुपारी वाचन असतं. निर्मलाबाई मोठ्यानं वाचतात. त्या शाळेतून रिटायर झाल्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. बाकीच्यांनी ऐकायचं, मात्र रिकाम्या हातानं बसायचं नाही, हा इथला नियम. काकी चिंचेतले चिंचोके काढते. शिवणकाम करणारी विद्याताई ब्लाउजना हुक लावते. घरी सांगून यायला तेवढंच बरं पडतं, ‘‘काम घेवन जातंय!’’

एकदा एक फार दुःखी कादंबरी चालली होती. नायिका घर सोडून निघालेली. विद्याताईचे डोळे भरून आलेले, माझेही. एवढ्यात काकीनं चिंच खाली ठेवली.

‘‘बाई, जरा थांबा. सात पानां झाली, ह्या चेडवान काय्येक खाल्ल्यान नाय! पोटात काय नाय तर रडाक बळ खंयसून येता?’’

निर्मलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग पुस्तकात बघत, अगदी गंभीर आवाजात त्यांनी वाचलं, ‘‘आणि तिने वाटीभर पेज घेतली.’’

‘‘हां. आता रडांदे,’’ काकी म्हणाली.

तेव्हापासून आमच्या वाचनात कुणीही उपाशी राहत नाही. मागे कॉलेजातली एक मुलगी हीच कादंबरी घेऊन गेली आणि परत करताना तिनं विचारलं, ‘‘ह्यात ती पेज कुठे आहे हो? माझी आजी शनिवारी इथं ऐकून गेली, ती शोधायला सांगते!’’

* * *

पावसाआधी चार महिन्यांची बेगमी भरून ठेवायची, तिला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, मीठ, कोकमाची सोलं, मिरच्या. गेल्या मे महिन्यात काकी मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला घेऊन गेली. मला गर्दीची भीती. एका विक्रेत्यानं कानाशी ‘‘मिरची, मिरची!’’ अशी आरोळी ठोकली तेव्हा मी दचकून मागे सरले, कुणाला तरी धडकले आणि ‘‘सॉरी हां,’’ म्हटलं. तो दुकानातला साडी नेसवलेला पुतळा होता.

‘‘रागवाक नाय मां ता?’’ काकीनं विचारलं.

तिची खरेदीची पद्धत ठरलेली. आधी अख्खा बाजार फिरायचा, सगळ्याला हात लावायचा, काही घ्यायचं नाही. मग घाम पुसून पहिल्या दुकानापासून सुरुवात. सुक्या बांगड्यांपाशी तिनं विचारलं, ‘‘कधीचे रे हे?’’

‘‘ह्याच वर्साचे, आजी.’’

‘‘मगे तुझ्यापेक्षा जाणते कशे दिसतत?’’

पोरगा इतका हसला की त्यानं वर दोन बांगडे फुकट घातले. येताना बसमध्ये पिशव्या मांडीवर घेऊन काकी खिडकीशी बसली होती. मी इतकं समाधानी माणूस क्वचितच पाहिलंय.

* * *

यंदा एप्रिलमधल्या एका शनिवारी काकी आली आणि पहिल्यांदाच रिकाम्या हातानं बसली. निर्मलाबाईंनी पान उघडलं. नियम मोडला म्हणून कुणी काही बोलणार, तोच ती म्हणाली, ‘‘डॉक्टरान सांगल्यान. गाठ वायट आसा. डावीकडचा सगळा काढूचा लागतला.’’

निर्मलाबाईंनी पुस्तक मिटलं.

‘‘वाचा मगे,’’ काकी म्हणाली. बाईंनी वाचलं. काय वाचलं ते आमच्यातल्या एकीलाही सांगता येणार नाही.

मे लागला. मी तिला बाजाराला चल म्हटलं. विद्याताईनं म्हटलं. निर्मलाबाईंनी तर रिक्षा सांगून ठेवली. काकीचं एकच. ‘‘औंदा पुरुमेंत नाय. पावसात जो घरात आसतलो, तो भरीत.’’

ऑपरेशनला ती तयार होती. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं करत होती. पण पावसाळ्यानंतरचं काही बोलायची नाही. पुढच्या शनिवारी काय वाचूया विचारलं तरी म्हणायची, ‘‘तुमी ठरवा.’’ मी रोज रात्री फोनवर त्या आजाराबद्दल वाचायचे आणि सकाळी तिच्याकडे बघायला घाबरायचे.

* * *

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना तिच्याबरोबर मी गेले. तिचा मुलगा ट्रकवर असतो, त्या दिवशी त्याला येता येईना. निर्मलाबाईंनी मला बजावलं होतं, ‘‘हे बघ, तिला धीर द्यायचा.’’

नर्सनं रक्त काढायला काकीचा दंड बांधला. मी धीर देण्यासाठी तिचा दुसरा हात धरला. सुई दिसली. पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी खाटेवर होते. काकी स्टुलावर बसून, दुमडलेल्या कोपरात कापूस दाबून धरत, दुसऱ्या हातानं मला पदरानं वारा घालत होती. एक तरुण डॉक्टर घाईघाईनं आत आला. त्यानं खाटेकडे पाहिलं, हातातला कागद पाहिला आणि मला विचारलं, ‘‘कधीपासून त्रास आहे?’’

‘‘जन्मल्यापासून, डॉक्टरानू!’’ काकी म्हणाली.

आणि हसली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नर्स हसली, डॉक्टर हसला. महिनाभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी तशीच पडून राहिले. उठले तर थांबेल असं वाटलं.

* * *

ही कालची गोष्ट. शुक्रवार होता. सकाळी दहाला काकी वाचनालयाच्या दारात उभी. या वेळी तिनं बाहेरूनच हाक मारली, म्हणून मी कमी दचकले. ‘‘बाये, चल गो. म्हापशाक जावन येवया.’’

मी निर्मलाबाईंना फोन करून कुलूप लावलं. का, कशाला, काही विचारलं नाही. अख्खा बाजार फिरलो. मिठाला, मिरच्यांना, सगळ्याला तिनं हात लावला आणि पुढे गेली. शेवटी कापडाच्या दुकानात शिरली. एक तास! ढीगभर तागे उलगडायला लावले. एकदा कापड उन्हात नेऊन बघितलं. मग गर्द जांभळा ब्लाउजपीस घेतला. दुकानदार म्हणाला, ‘‘आजी, लग्न कुणाचं?’’

‘‘कोणाचा नाय. माका आवडलो,’’ काकी म्हणाली.

धारगळला उतरलो ते थेट विद्याताईकडे. काकीनं कापड मशीनवर ठेवलं.

‘‘चवथीक घालूचो आसा.’’

चतुर्थी म्हणजे अजून तीन महिने. विद्याताईनं सवयीनं गळ्यातली टेप ओढली, काकीकडे एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली. टेप हातात तशीच. मी जमिनीकडे बघायला लागले.

काकीनं दोघींकडे पाहिलं.

‘‘आता घेव नको गो माप. टाके सुकल्यावर घराकडे येवन घे. डावीकडचा कापड उरतला, त्येचो माका बटवो शिव. बाजाराक जावक.’’

विद्याताई खाली बसली. वही ओढली आणि लिहून घेतलं. एक ब्लाउज, एक बटवा. माप नंतर.